जुन्या व्हिडिओ गेम जाहिराती: बघायच्या कशा, जमवायच्या कशा आणि चित्रकार शोधायचा कसा

१९८० साली अटारी या अमेरिकी कंपनीचा 'ॲडव्हेंचर' हा गेम आला. टीव्हीच्या पडद्यावर त्यातला नायक म्हणजे नुसता एक रंगीत चौकोन. ड्रॅगन इतका बाळबोध की अजूनही लोक त्याला बदक म्हणतात. पण त्याच गेमच्या खोक्यावर सुझन जेकल यांनी काढलेलं चित्र पाहा. त्यात चक्रव्यूह आहे, किल्ला आहे आणि खराखुरा अंगावर येणारा ड्रॅगन आहे. मुलं आधी ते चित्र बघायची आणि मग खेळायला बसायची, त्यामुळे त्यांना चौकोनाच्या जागी योद्धाच दिसायचा. चित्रकाराने अर्धा गेम कागदावर रंगवून दिला होता.

मासिकांतल्या जाहिरातींनीही हेच काम केलं, आणि त्या रंगवणाऱ्या माणसांची नावं बहुतेक वेळा कुठेच छापली गेली नाहीत. या नादाला नव्याने लागलेली मंडळी मला विचारतात, कुठे मिळतात आणि केवढ्याला पडतात. चित्र कोणाचं, हे फार कमी जण विचारतात. हा लेख त्या तिसऱ्या प्रश्नाची सवय लागावी म्हणून लिहिते आहे. बाकीच्या पायऱ्याही त्याच वाटेवरच्या आहेत.

पायरी १: एक देश, एक काळ धरा

सगळंच जमवायला गेलात तर वर्षभरात कंटाळाल. सुरुवातीला एकच पट्टा धरा.

अमेरिकेत १९७७ ते १९८३ हा अटारीचा काळ. क्लिफ स्पोन यांनी तिथे एक शैली घडवली. एकाच चित्रात चार-पाच दृश्यं एकमेकांत मिसळलेली, रंगांचे फटकारे दिसणारे, सगळं वेगात धावणारं. १९७७ च्या 'कॉम्बॅट'च्या चित्रात रणगाडा आणि विमानं एकाच झपाट्यात येतात. पडद्यावर मात्र दोन ठोकळे एकमेकांवर ठिपके मारत असत.

ब्रिटनमध्ये १९८२ ते १९८९ हा स्पेक्ट्रम आणि कमोडोर ६४ या घरगुती कॉम्प्युटरांचा काळ. झेडएक्स स्पेक्ट्रम २३ एप्रिल १९८२ ला आला, १२५ आणि १७५ पौंडांना, आणि त्यामागोमाग कॅसेटवर गेम विकणाऱ्या लहान-मोठ्या कंपन्यांचं पेव फुटलं. टीव्हीवर जाहिरात करणं त्यांतल्या बहुतेकांना परवडणारं नव्हतं, म्हणून त्यांचा सगळा भर मासिकाच्या पानावर. तिसरा पट्टा पुन्हा अमेरिकेतला, १९८९ ते १९९६, सेगा आणि निन्टेन्डो या जपानी गेम कंपन्यांच्या भांडणाचा. जपानी वाचता येत असेल तर १९८६ पासूनचं 'फॅमित्सू' हे गेमचं नियतकालिक म्हणजे एक वेगळंच दालन आहे.

माझा सल्ला विचाराल तर ब्रिटनपासून सुरुवात करा. हाताने रंगवलेल्या जाहिराती तिथे भरपूर आहेत, आणि बऱ्याच चित्रकारांचा माग आज लागू शकतो.

पायरी २: विकत घेण्याआधी डोळा तयार करा

पहिले दोन-तीन महिने एक रुपयाही खर्च करू नका. इंटरनेट अर्काइव्हवर जुन्या मासिकांचे अंकच्या अंक स्कॅन केलेले आहेत. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने जानेवारी २०२५ मध्ये आपलं डिजिटल ग्रंथालय खुलं केलं. त्यात १५०० हून अधिक अंक आहेत आणि पानांतला मजकूर शब्द टाकून शोधता येतो. कंपनीचं नाव टाकलं की जाहिराती समोर येतात.

तरी सुरुवातीला शोधपेटी वापरू नका. एखादा अंक मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत पान न पान चाळा. दिवाळी अंक हातात आला की आपण आधी जाहिरातींसकट सगळा चाळतो ना, तसा. नोव्हेंबर १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये 'कॉम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स' आणि अमेरिकेत 'कॉम्प्युटर गेमिंग वर्ल्ड' सुरू झालं, आणि त्याच हिवाळ्यात अमेरिकेत 'इलेक्ट्रॉनिक गेम्स'चा पहिला अंक आला. या तिघांचे सुरुवातीचे अंक शेजारी शेजारी ठेवून बघा. मग १९८४ चं 'क्रॅश' हे मासिक घ्या. ते इंग्लंडमधल्या लडलो नावाच्या लहानशा गावातून निघायचं आणि त्याची मुखपृष्ठं ऑलिव्हर फ्रे रंगवायचे. दहा अंक झाले की कुठल्या कंपनीचं पान आहे हे तुम्हाला नाव न वाचता कळायला लागेल.

पायरी ३: पान वाचायला शिका

जाहिरातीत साधारण चार गोष्टी असतात: मोठं चित्र, गेमचे छोटे फोटो, मशीनची आणि किमतींची यादी, आणि तळाचा बारीक मजकूर. नवखा माणूस पहिली बघतो आणि थांबतो. तुम्ही चारही बघा.

मँचेस्टरच्या ओशन कंपनीचं १९८७ चं 'ग्रायझर'चं पान उदाहरणादाखल घेऊ. चित्र बॉब वेकलिन यांचं. हातात बंदुका घेतलेले दोन पिळदार जवान, मागे परग्रहावरचा अक्राळविक्राळ जीव. जवानांच्या उभं राहण्याकडे नीट बघा. त्याच वर्षीच्या 'प्रीडेटर' सिनेमातल्या अर्नोल्ड श्वार्झनेगरच्या पवित्र्यांवरून ते घेतले आहेत. त्या काळी चित्रकाराला मुदत कमी मिळायची आणि संदर्भाला हाताशी असायचे ते सिनेमाचे फोटो, म्हणून अशी उसनवारी बरीच दिसते. आणि हे चित्र मँचेस्टरमध्येच राहिलं नाही. हाच गेम अमेरिकेत निन्टेन्डोवर 'कॉन्ट्रा' म्हणून आला, तेव्हा खोक्यावर हेच चित्र होतं. आपल्याकडे नव्वदच्या दशकात बनावट निन्टेन्डोवर 'कॉन्ट्रा' खेळत मे महिन्याची सुट्टी घालवलेल्यांपैकी कितीजणांना वेकलिन हे नाव माहीत असेल?

आता छोटे फोटो. ब्रिटिश जाहिरातींत तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असायचं की फोटो वेगवेगळ्या मशीनवरून घेतले आहेत. म्हणजे स्पेक्ट्रमवाल्या पोराने पैसे पाठवायचे आणि फोटो बघायचा दुसऱ्याच, जास्त रंगांच्या मशीनचा. याउलट 'अल्टिमेट प्ले द गेम' ही कंपनी पान अगदी गूढ ठेवायची. नुसतं चित्र आणि नाव, गेमचा फोटो नाही. १९८४ मध्ये 'सेबर वुल्फ' त्यांनी ९.९५ पौंडांना विकला, तेव्हा त्यांचेच आधीचे गेम ५.५० ला मिळत होते. न दाखवता चढ्या भावाने विकण्याची ती हिंमत त्या पानावर दिसते.

सगळ्याच जाहिराती रंगवलेल्या नव्हत्या. १९८३ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने कृष्णधवल फोटो छापला, गेम लिहिणाऱ्या तरुणांचा, एखाद्या संगीताच्या बँडसारखा उभा केलेला. छायाचित्रकार होते नॉर्मन सीफ, आणि वर प्रश्न होता: कॉम्प्युटर तुम्हाला रडवू शकतो का? गेम लिहिणारा हा कलावंत आहे हे इतक्या ठसठशीतपणे सांगणारं दुसरं पान मी पाहिलेलं नाही. त्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला १९८७ चं 'बार्बेरियन', ज्यात मारिया व्हिटेकर या मॉडेलला जेमतेम कपड्यांत उभं केलं होतं. तेव्हाही त्यावर तक्रारी झाल्या आणि त्या रास्त होत्या. संग्रहात असं पान ठेवा, पण नोंदीत ते काय आहे हे स्पष्ट लिहा. मुलींना या दुनियेत कुठे उभं केलं गेलं, हाही याच इतिहासाचा भाग आहे.

काही पानं तर कधीच न आलेल्या गेमची आहेत. लिव्हरपूलच्या इमॅजिन कंपनीने 'बँडरस्नॅच' आणि 'सायक्लॅप्स' या दोन 'मेगागेम'चा मोठा गाजावाजा केला आणि १९८४ च्या जुलैत कंपनीच बुडाली. ज्यांचा गेम अस्तित्वातच नाही, त्यांचं जाहिरातीचं पान हाच काय तो पुरावा. मला अशी पानं सगळ्यांत जपून ठेवावीशी वाटतात.

पायरी ४: तारीख काढा

सुटं पान हातात आलं की ते कधीचं, हे कळायला हवं. ही पायरी मला सर्वांत प्रिय, कारण उत्तर पानावरच असतं. बघायचं कुठे ते सांगते.

अटारीच्या नावाखाली 'वॉर्नर कम्युनिकेशन्स कंपनी' असं असेल तर पान १९७६ ते १९८४ च्या मधलं. १९८४ च्या जुलैत कमोडोरचे संस्थापक जॅक ट्रॅमियेल यांनी अटारीचा घरगुती मशीनचा धंदा विकत घेतला आणि ती ओळ गेली.

ब्रिटिश पानावर फोन नंबर बघा. लंडनचा कोड नुसता ०१ असेल तर मे १९९० च्या आधीचं. ०७१ किंवा ०८१ असेल तर त्यानंतरचं. १६ एप्रिल १९९५ ला देशभरच्या कोडमध्ये शून्यापुढे एक घातला गेला, म्हणून मँचेस्टर ०६१ असेल तर त्या आधीचं आणि ०१६१ असेल तर नंतरचं. अमेरिकी पानावर ८८८ ने सुरू होणारा फुकट फोनचा नंबर दिसला तर १९९६ किंवा पुढचं.

अमेरिकी जाहिरातीत वयाच्या शिक्क्याने तर काम फारच सोपं होतं. १९९३ पासून सेगाचे स्वतःचे शिक्के होते: जीए, एमए-१३, एमए-१७. सप्टेंबर १९९४ पासून सगळ्या उद्योगाची ईएसआरबी ही पद्धत आली. त्यात 'के-ए' असा शिक्का दिसला तर पान १९९४ ते १९९७ च्या मधलं, कारण १९९८ पासून त्याच्या जागी 'ई' आलं. कुठलाच शिक्का नसेल तर बहुधा त्या आधीचं.

आणखी एक लक्षात ठेवा. मुखपृष्ठावर छापलेला महिना आणि अंक दुकानात आल्याचा महिना एक नसतो. डिसेंबरचा अंक नोव्हेंबरातच विक्रीला यायचा. म्हणून नोंदीत 'अंकावरचा महिना' असं लिहा.

पायरी ५: चित्रकार शोधा

आपल्याकडे दलाल किंवा मुळगावकरांचं मुखपृष्ठ लांबून ओळखणारी माणसं घराघरांत होती, कारण चित्राखाली सही असायची आणि वाचक ती बघायचे. गेमच्या जाहिरातींत सही असली तरी पान कापताना किंवा वर मजकूर चढवताना ती जायची. त्यामुळे शोध थोडा फिरून घ्यावा लागतो.

आधी भिंगाने चारही कोपरे बघा. मग हातापायांच्या कडा, दगडांच्या रेषा, कपड्यांच्या चुण्या. सही तिथेही दडवलेली सापडते. पानावर नसेल तर हेच चित्र खोक्यावर, कॅसेटच्या कव्हरवर किंवा मासिकाबरोबर मिळणाऱ्या पोस्टरवर छापलं होतं का ते बघा. तिथे चित्र जास्त पूर्ण असतं आणि सही शाबूत असू शकते. शेवटी त्या चित्रकारांच्या मुलाखती वाचा.

मुलाखतींतून काय काय उलगडतं ते पाहा. १९८९ च्या 'मेगा मॅन २' च्या अमेरिकी खोक्यावर नायकाच्या हातात पिस्तूल आहे. गेममध्ये त्याचा हातच तोफ असतो, म्हणून चाहते वर्षानुवर्षं त्या चित्रावर हसत आले. चित्रकार मार्क एरिक्सन यांनी पुढे सांगितलं की गेम त्यांना धावता दाखवला गेला, शस्त्र कोणतं ते कळेना, विचारल्यावर पिस्तूल काढा असं सांगण्यात आलं. दोष चित्रकाराच्या माथी गेला आणि तिथेच राहिला. नाव शोधलं नाही तर अशी गोष्ट कानावर येणारच नाही.

तंत्र ओळखता आलं तरीही मदत होते. ऐंशीच्या दशकातलं बरंच काम एअरब्रशचं आहे. चित्रावर चिकटणारी पारदर्शक फिल्म लावायची, हवा तो आकार पात्याने कापून उचलायचा आणि मोकळ्या भागावर रंगाचा फवारा मारायचा. म्हणून एका बाजूला कातरल्यासारखी धारदार कड आणि दुसरीकडे धुक्यासारखा विरघळणारा रंग दिसतो. धातूवरची चकाकी आणि तलवारीच्या टोकावरचा पांढरा तारा ही या तंत्राची हमखास खूण. नव्वदच्या मध्यावर कॉम्प्युटरवर बनवलेल्या त्रिमितीय आकृत्या आल्या आणि हे हाताचं काम बघता बघता आटलं.

नुसत्या शैलीवरून नाव ठोकून देऊ नका. एकमेकांसारखं काढणारे पुष्कळ होते. खात्री नसेल तर नावापुढे 'बहुधा' लिहा.

पायरी ६: मग विकत घ्या

मुंबईत हुतात्मा चौकाजवळच्या फुटपाथवर आणि पुण्यात जुन्या पुस्तकवाल्यांकडे कधीमधी परदेशी मासिकं निघतात. नेमका गेमचाच अंक मिळणं नशिबाचं, पण गठ्ठा उपसायला लाज बाळगू नका. बाकी खरेदी परदेशी विक्रेत्यांकडून. तिथे अंकापेक्षा टपालखर्च जास्त होतो, म्हणून तीन-चार अंक एकदम मागवा.

शक्यतो अख्खा अंक घ्या. पान फाडून फ्रेमसाठी विकणारे बरेच आहेत. त्यात अंक मरतो आणि पानाची तारीखही हरवते. पैसे देण्याआधी मधल्या पानांचे, मलपृष्ठाचे आणि पिनांचे फोटो मागा. पिना गंजल्या असतील तर मधलं पान सुटलेलं असतं. पोस्टर आहे का ते विचारा. आणि कूपन शाबूत आहे का, हे तर विचाराच.

कूपनचं सांगते. मी घेतलेल्या पहिल्याच अंकात एका पानाचा खालचा कोपरा कात्रीने कापलेला होता. कुणा मुलाने कॅसेट मागवायला कूपन भरून पाठवलं असणार. कात्री थोडी वाकडी गेली होती आणि चौकटीची तुटक रेघ एका बाजूला शिल्लक होती. मागच्या पानावर मला हवी असलेली जाहिरात होती आणि नेमका सहीचा कोपरा गेला होता. तो अंक मी अजून ठेवला आहे. त्या मुलाने चित्र बघितलं, विश्वास ठेवला आणि पैसे पाठवले, हे त्या भोकाइतकं दुसरं कशानेच कळत नाही.

बनावट पानांपासून जपा. दहापट मोठं दाखवणारं भिंग पानावर ठेवा. खऱ्या छपाईत चार रंगांचे ठिपके ठराविक कोनांत बसलेले असतात: पिवळा शून्य अंशांत, सायन (निळसर) पंधरा, काळा पंचेचाळीस, मजेंटा (गुलाबीसर) पंचाहत्तर. त्यांतून फुलांसारखी बारीक नक्षी तयार होते. घरच्या इंकजेटवर काढलेल्या प्रतीत ही नक्षी नसते, नुसता रंगाचा विस्कटलेला शिडकावा दिसतो. एकदा दोन्ही शेजारी ठेवून बघितलंत की पुन्हा फसणार नाही.

पायरी ७: स्कॅन

याच ठिपक्यांमुळे स्कॅनवर लाटांसारखे पट्टे उमटतात. उपाय सोपा आहे: ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा, मूळ फाइल चित्राचा बारकावा न घालवणाऱ्या टिफ प्रकारात तशीच ठेवा आणि प्रत लहान करताना ती निम्म्यावर आणा, पट्टे बरेचसे जातात. पानामागे काळा कागद ठेवा, म्हणजे पाठचा मजकूर झिरपून दिसणार नाही. आपोआप रंग सुधारण्याची सोय बंद करा. पिवळा पडलेला कागदही त्या पानाचा भाग आहे. कणा काचेवर दाबू नका. न दाबता आतली बाजू येत नसेल तर फोटो काढा.

पान इतरांना दाखवाल तेव्हा अंकाचं नाव, महिना आणि चित्रकार सोबत द्या. चित्राचे हक्क अजून कुणाचे तरी आहेत. भारतीय कायद्यात निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं ते राहतात. अभ्यासासाठी दाखवणं वेगळं आणि टी-शर्टवर छापून विकणं वेगळं.

पायरी ८: आपल्या हवेत टिकवा

हे परदेशी मार्गदर्शकांत नीट सापडत नाही, कारण त्यांच्याकडे आपला जुलै नसतो. मुंबई, कोकण, गोवा इथे राहत असाल तर कागदाचे शत्रू तीन: ओल, बुरशी आणि कसर. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. अंक आडवे ठेवा, फार उंच थप्पी नको. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात त्या बदला. डांबरगोळ्या कागदाला टेकवू नका. आजी पोथ्यांत ठेवायची तसं वेखंड कापडाच्या पुरचुंडीत ठेवलं तर हरकत नाही, पण पानांच्या मधे नको. गणपतीनंतर ऊन पडू लागलं की सगळे अंक बाहेर काढून सावलीत वारा द्या.

पीव्हीसीच्या पिशव्या वापरू नका. त्या वर्षांनी चिकट होतात आणि शाई ओढून घेतात. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या घ्या. लॅमिनेशन तर कधीच नको. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला कितीही आग्रह करो, एकदा केलं की पान परत मिळत नाही. चिकट पानांच्या फोटो अल्बममध्ये मी सुरुवातीला सहा पानं लावली होती. चार वर्षांनी काढायला गेले तेव्हा दोन पानांच्या पाठीचा थर अल्बमलाच चिकटून राहिला. त्यातलं एक वेकलिन यांचं होतं.

पायरी ९: वही घाला

कॉम्प्युटरवर तक्ता केलात तरी चालेल, मी जाड पुठ्ठ्याची वही वापरते. प्रत्येक पानासाठी एक ओळ: मासिक, अंकावरचा महिना, पान क्रमांक, कंपनी, गेम, कोणत्या मशीनसाठी, किंमत, तारीख कशावरून काढली, आणि शेवटचा रकाना चित्रकाराचा. हा रकाना रिकामा राहिला तरी आखायचा. माझ्या वहीत निम्म्याहून अधिक ओळींत तो कोरा आहे. 'बहुधा' असेल तर पेन्सिलने लिहिते आणि सही सापडली किंवा चित्रकाराने स्वतः सांगितलेलं वाचलं की शाईने. दिवाळीच्या साफसफाईत कपाट उघडलं की आधी कोऱ्या ओळींची पानं भिंगाखाली पुन्हा घेते. गेल्या खेपेला एका राक्षसाच्या पायाखाली, दगडाच्या भेगेत, दोन अक्षरं दिसली. अजून पेन्सिलीतच आहेत.